मुक्या दरवाज्याचा दोर

१

एकोणीसशे एक्क्याण्णव साल. जानेवारीचा दुसरा आठवडा. लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटून राहील अशी थंडी.

धरण बांधून पस्तीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं त्यानं दोनच कामं केली, पाणी अडवलं आणि पाणी सोडलं. आता वरून हुकूम आला की त्यानं वीजही करायची. पायथ्याला वीजघर उभं राहिलं. टर्बाइन आलं, जनित्र आलं. धरणाच्या तळाशी पाणी सोडायचे चार दरवाजे होते. त्यातल्या चौथ्यातून माणूस वाकून चालेल एवढा लोखंडी नळ काढून टर्बाइनवर पाणी न्यायचं ठरलं.

चौथाच का, तर तो बंद होता. एकोणतीस वर्षांपूर्वी खाली बसला तो पुन्हा उठला नाही. बाकीचे तीन दरवाजे वर्षभर घुमत असायचे, म्हणून याला सगळे मुका म्हणायचे. कामासाठी त्याच्यापुढे तलावाच्या बाजूला फळ्यांची भिंत टाकली आणि मधली विहीर उपसली. ज्या खोल चौकोनी खड्ड्यात दरवाजा वर-खाली होतो, त्याला विहीर म्हणायची पद्धत. गाळ निघाला, एक कुजका ओंडका निघाला. दुसरं काही निघालं नाही. मग नवीन यंत्र लावून दरवाजा उचलून पाहिला. चार बोटं उठला आणि अडला.

"चार तर चार," कामावरचे इंजिनियर साहेब म्हणाले. "नळाचे सांधे होऊ देत. मग पूर्ण ताकद लावू."

दरवाजे सांभाळायचं काम अप्पांकडे होतं. तोंडावर सगळे अप्पा म्हणत, पाठीमागे कुलूप. अप्पांना ते ठाऊक होतं. त्यांना त्यात वावगं वाटत नसे. कुलूप ही निदान भरवशाची वस्तू आहे.

रोज सकाळी चहाच्या आधी ते धरणाच्या पोटातल्या बोगद्यात उतरत आणि दरवाज्यांच्या दांड्यांवर एकेक करून तळहात ठेवत. चालत्या दरवाज्याचा दांडा थरथरतो, घुरघुरणाऱ्या मांजराच्या पोटासारखा. त्यावरून खाली काय चाललंय ते त्यांना कळे. चौथ्या दांड्यावर हात ठेवायचं कारण नव्हतं. तरी ते ठेवत. मेलेल्याची नाडी बघावी तसा.

त्या सकाळी चौथा दांडा थरथरत होता.

अप्पांचा हात लागला आणि तो थांबला. हळूहळू शमला नाही. पलीकडून कोणी धरलेला असावा आणि त्यानं सोडावा, तसा एकदम थांबला.

अप्पा हात तसाच ठेवून उभे राहिले. क्रेन सुरू असेल, ते मनाशी म्हणाले. तिचा धक्का भिंतीतून येत असेल.

वर येऊन पाहिलं तर क्रेनवाला पायरीवर बसून चहा पीत होता.

२

अप्पांची लेक त्याच कामावर वेल्डर होती. वीजघरावर तिला ठिणगी म्हणत. लग्नाचा विषय निघाला की ती डोक्यावरचा मुखवटा खाली ओढायची आणि वेल्डिंगची टॉर्च पेटवायची. नळाचे सगळे सांधे तिनं जोडले होते. शेवटचा राहिला होता, नळ जिथे मुक्या दरवाज्याच्या चौकटीला मिळतो तो.

दुपारी ती जेवायला घरी आली आणि म्हणाली, "अप्पा, तुमचा मुका बोलायला लागलाय."

"जेव आधी."

"ऐका तर. आत ते वॉकीटॉकी चालत नाही. म्हणून मी हातोडीनं नळावर ठोकते. एक ठोका म्हणजे करंट सोडा, दोन म्हणजे बंद करा. आज दोन ठोकले तर उत्तर आलं. बाहेरून नाही. दरवाज्याकडून."

"दरवाज्यापलीकडे रिकामी विहीर आहे."

"तेच म्हणते मी. रिकाम्या विहिरीला बोलायची रीत कळते. आपल्या घरात काहींना कळत नाही."

आई हसली. अप्पा हसले नाहीत. "कसे ठोके?"

लेकीनं चमचा ताटाच्या काठावर आपटला. एक. मग थोडं थांबून, जोडून दोन.

अप्पांचा पेला ओठापर्यंत आला होता. तो तिथेच राहिला. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"थंडीनं लोखंड आक्रसतं. त्याचा आवाज."

"मोजून आक्रसतं?"

"जेव म्हटलं ना."

दाराच्या मागे खिळ्याला एक दोर टांगलेला होता. ताग वळून केलेला, जाड, एका टोकाला डांबर आणि निळ्या चिंधीची घट्ट बांधणी. एकोणतीस वर्षं तो तिथेच होता. कोणी त्याला हात लावायचा नाही असा घरचा कायदा होता.

"कपडे वाळत घालायला दोरी मी विकत आणते," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "घरात एवढा दोर आहे. पण तो पाहुणा आहे. पाहुण्याला कामाला कसं लावायचं?"

अप्पा ताटावरून उठले ते दाराकडे न बघता बाहेर पडले.

एक ठोका, मग जोडून दोन. दरवाज्यांवर काम करणाऱ्या जुन्या टोळीत त्याचा अर्थ एकच होता. दोर द्या. ती टोळी केव्हाच उठून गेली होती. शेवटच्या माणसाला अप्पांनीच दोन वर्षांपूर्वी खांदा दिला. तो ठोका जाणणारं धरणावर आता अप्पांशिवाय कोणी नव्हतं, आणि अप्पांनी तो कोणाला शिकवला नव्हता.

३

विहिरीच्या तोंडावर लोखंडी झाकण होतं. झाकणाला कुलूप. किल्ली अप्पांच्या कमरेला. कोणी आत उतरलं असेल तर ते त्यांच्या कमरेवरून उतरलं असलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप पाहिलं. जसं लावलं होतं तसंच होतं, वर दव साचलेलं. झाकण उघडून तारेला दिवा बांधून खाली सोडला. भिंतीतल्या पायऱ्या गंजून गळाल्या होत्या. तळाच्या खळग्यात गुडघाभर पाणी. दिवा पाण्याजवळ पोचला तेव्हा पाणी हलत होतं. मधोमध उठलेली वर्तुळं भिंतींकडे जात होती.

वरून खडा पडला असेल. झाकण उघडताना पडतो एखादा.

पण वर्तुळं संपेनात. अप्पा वाट बघत राहिले. एक भिंतीला लागून मोडलं की मधे दुसरं उठत होतं. त्यांनी दिवा वर घेतला, झाकण लावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

मग ते साहेबांना घेऊन नळात गेले. साहेब तरुण, गळ्यात मफलर, सर्दी कायमची. माणूस चांगला. ऐकून घ्यायचा. दोघं कमरेला दोर बांधून, वाकून चालत शेवटापर्यंत गेले. ओळीनं टांगलेल्या दिव्यांतला शेवटचा दिवा दरवाज्यासमोर होता. गंजलेला पत्रा, त्याच्या खाली चार बोटांची काळी फट, फटीतून पाण्याची बारीक धार.

साहेबांनी पत्र्याला कान लावला. बराच वेळ लावला.

"काही नाही अप्पा. शेजारच्या तीन दरवाज्यांचा घुमारा भिंतीतून येतो. इतकी वर्षं हा दाबून बसला होता, आता सुटा झालाय, म्हणून वाजतो." ते शिंकले. "मला तरी हेच पटतं."

अप्पांनाही पटलं. पटवून घेतलं असं म्हणा. ते वळणार तोच त्यांचं लक्ष खाली गेलं. लेकीच्या कमरेचा नायलॉनचा दोर ती काल सांध्यापाशीच ठेवून गेली होती. साहेबांचा नियम होता की दोर बांधल्याशिवाय नळात कोणी जायचं नाही. दोराचं वेटोळं कोरडं होतं. टोक फटीपाशी पडलेलं, आणि ते चिंब भिजलेलं.

धारेनं भिजलं असेल. धार तिथूनच जाते.

अप्पा खाली बसले. टोकाला गाठ होती. दुहेरी फास आणि वरून उलटी मोड. अशी गाठ त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या हाताची पाहिली होती.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"दोर आहे," अप्पा म्हणाले आणि गाठ सोडली. बोटं बधिर झाली होती. थंडी फार होती.

४

त्याच दुपारी लेक घरी आली ती लंगडत. दोन्ही गुडघे सोललेले. आई शेजारी गेली होती. लेकीनं दार लावलं आणि अप्पांसमोर दोराचा तुकडा टाकला. टोक जळून काळं झालं होतं.

"आता सांगा लोखंड आक्रसतं म्हणून."

"काय झालं?"

"कमरेला गाठ मारून दोराचं शेपूट उरलं होतं. मी मुखवटा घालून सांध्याला लागले. शेपूट कधी फटीखाली गेलं कळलं नाही. मग ओढलं कोणीतरी."

"बाहेरून."

"अप्पा, मी बारा वर्षांची नाही. बाहेरचा दोर पाठीमागे होता. मी पुढे ओढले गेले. बूट पत्र्याला आपटले तेव्हा थांबले. टॉर्चनं शेपूट जाळून तोडलं." तिनं सोललेल्या गुडघ्यावर फुंकर घातली. मग ती म्हणाली, "साहेबांना सांगू नका. बाईमाणूस घाबरली म्हणतील आणि शेवटचा सांधा दुसऱ्याला देतील. उद्या तो मी पुरा करणार."

"उद्या तू तिथे जायचं नाहीस."

"जाणार."

"मी सांगतोय."

"आणि मी ऐकतेय. जाणार."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. हनुवटी त्यांचीच होती. त्या हनुवटीशी भांडून काही उपयोग नसतो हे त्यांना स्वतःवरून माहीत होतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि एकोणतीस वर्षांत न सांगितलेली गोष्ट सांगितली. सांगायला फार वेळ लागला नाही.

मुक्याखाली ओंडका अडकला होता. तो काढायला विहिरीत दोघं उतरले. अप्पा आणि टोळीतला पाणबुड्या. त्याला सगळे पाणकावळा म्हणत, कारण त्यानं बुडी मारली की लोक कंटाळून निघून जात आणि मग तो वर येई. विहिरीत गळ्यापर्यंत पाणी, आणि पाण्याला दरवाज्याखाली ओढ. ओंडका हलला, दरवाजा घसरला, अप्पांचा दोर त्याच्या लोखंडी कडेवर तुटला. पाणकावळ्यानं आपल्या कमरेचा दोर सोडला आणि अप्पांच्या हातात दिला.

"टोळीत रीत होती," अप्पा म्हणाले. "दोर फेकायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही. हातातून हातात द्यायचा. घेणाऱ्यानं 'घेतला' म्हणायचं. तो शब्द येईपर्यंत देणाऱ्यानं मूठ सोडायची नाही. मी म्हटलं, घेतला. तो म्हणाला, वर गेलास की परत दे."

"मग?"

"मला वर ओढलं. दोर लगेच खाली सोडला. घ्यायला कोणी नव्हतं. दरवाजा पूर्ण बसला होता."

लेक दाराकडे बघत होती. निळी चिंधी जुनी होऊन पांढरी पडली होती.

"त्यात तुमची काय चूक?"

"चूक नाही. देणं आहे. चूक माणूस विसरू शकतो." अप्पा उठले. "आणि देणं माझं आहे. ते त्यानं तुझ्याकडून वसूल करायचं नाही. मेला असला तरी नाही. सांधा तुझा, तो तू कर. पण आधी मी जाणार."

"आणि तो नसला तर?" लेक हळूच म्हणाली. "तिथे दुसरंच काही असलं तर?"

 तोच विचार अप्पांनी गाठ सोडल्यापासून दातांखाली धरून ठेवला होता.

५

सकाळी त्यांनी खिळ्यावरचा दोर उतरवला. खिळ्याखाली भिंतीवर दोराच्या आकाराचा पांढरा पट्टा राहिला होता.

बायको चुलीपाशी उभी होती. तिनं आधी दोराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"पाहुणा निघाला?"

"परत द्यायचाय."

बायकोनं चुलीतलं लाकूड आत सारलं.  मग म्हणाली, "मी त्या खिळ्याला घड्याळ लावणार आहे. जेवायच्या वेळेला या. उशीर झाला तर आता मला कळेल."

नळाच्या तोंडाशी साहेबांनी अडवलं. "अप्पा, आत जायचं तुमचं काय काम आहे? आणि हा जुनाट दोर कशाला?"

"दरवाजा कोणाच्या ताब्यात आहे?"

"तुमच्या."

"तो का अडलाय ते बघायला जातोय."

साहेबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि आपली बॅटरी काढून त्यांच्या खिशात घातली. "नायलॉनचा बांधा कमरेला. ते मी सोडणार नाही."

अप्पांनी बांधला. शेपूट ठेवलं नाही. दुसरं टोक लेकीकडे धरलं. तिनं ते पकडलं. अप्पांनी मूठ सोडली नाही.

लेकीला आठवलं. "घेतला," ती म्हणाली.

मग त्यांनी सोडलं.

६

आत दिवसा-रात्रीचा भेद नव्हता. ओळीतले दिवे पिवळे. अप्पांच्या बुटांचा आवाज त्यांच्या पुढे जात होता आणि थोडा उशिरा परत येत होता. अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं की परत येणारी पावलं जास्त आहेत. ते थांबले. पावलं थांबली. नळ घुमतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग स्वतःलाच म्हणाले, आता पुरे झालं हे सांगणं.

शेवटच्या दिव्याखाली ते पत्र्यासमोर बसले. लेकीच्या बुटांचे ओरखडे तिथे दिसत होते. त्यावर त्यांनी तळहात ठेवला. लोखंड थरथरत होतं. या वेळी थांबलं नाही.

एक ठोका. मग जोडून दोन.

इतक्या जवळून की तो त्यांना तळव्यात लागला.

"ऐकलं," अप्पा म्हणाले. "बहिरा नाही मी."

फटीतली धार थांबली होती. ती केव्हा थांबली ते कळलं नाही.

"एकोणतीस वर्षं ठेवला. त्याला कपडे वाळत घातले नाहीत, वासरू बांधलं नाही. टोक कुजू दिलं नाही. तुला द्यायचा म्हणून ठेवला. पण माझ्या लेकीला ओढलंस, ते मला चाललेलं नाही. माझं देणं असेल तर माझ्याकडे यायचं. समजलं?"

त्यांनी दोराचं चिंधीचं टोक पुढे केलं. फटीपासून वीतभर अलीकडे हात थांबवला. जमिनीवर टेकवला नाही.

फटीतून एक हात आला.

तळवा वर होता. बोटं पाच होती, एवढं अप्पांनी पाहिलं. त्यांचा रंग गाळाचा होता. मनगट असायला हवं तिथे दिव्याचा उजेड पोचत होता, पण तिथे मनगट नव्हतं, नुसतं पाणी उभं होतं आणि हलत होतं. अप्पांनी अधिक पाहिलं नाही. पाहायला ते आले नव्हते.

बोटं दोरावर मिटली आणि दोर ताणला गेला.

अप्पांनी सोडला नाही.

ओढ वाढली. ते बसल्या जागी पुढे घसरले, बूट पत्र्यावर आदळले, लेकीच्या ओरखड्यांवरच. पाठीमागून कमरेचा दोर ताठ झाला. बाहेर लेकीला कळलं होतं, ती ओढत होती. अप्पा दोघांच्या मधे ताणले गेले. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. तागाचा दोर तळहातातून कातडी घेऊन चालला होता.

"शब्द," ते म्हणाले.

ओढ.

"शब्द दे. रीत तुला माहीत आहे. तो असशील तर माहीत आहे. दुसरं कोणी असशील तर माझा हात उपटून ने, पण दोर मिळणार नाही. आणि मी सोडला नाही तर माझी लेकही सोडणार नाही. तिला ओळखत नाहीस तू अजून."

पत्रा थरथरायचा थांबला. शेजारच्या तीन दरवाज्यांचा घुमाराही बंद पडला. असं कधी होत नाही. अप्पांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि फटीपलीकडे आणखी एक, ओला, सावकाश. खूप खोल बुडी मारून वर आलेल्या माणसाचा असतो तसा.

बोटं दोरावर होती. ओढत नव्हती. नुसती धरून होती.

अप्पांनी वाट पाहिली. वाट पाहणं त्यांना येत होतं.

"घेतला," पलीकडून कोणी म्हणालं.

अप्पांनी मूठ सोडली.